कुणीच येत नाही

प्रिय निंग्रुम,

शेजारची एंदांग उद्या सकाळच्या बसने सुराबायाला येते आहे, तिच्या हाती हे देते. फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. हल्ली फोन समोर आला की मी आधी डोक्यावरचा रुमाल सावरते आणि मग चेहरा पाडते. ही सवय मला कुणी लावली, ते तुला ठाऊक आहे. रोजे चालू आहेत, तब्येत बरी आहे. दुपारनंतर, उपास सोडायच्या वेळेपुरतं दुकान उघडते.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा म्हणालीस, "आई, आता फोनवर दिसेल त्याचाच माल खपतो." मी म्हटलं, माझं पेचेल, उकडलेल्या भाज्या आणि दाण्याची चटणी, फोनवर बघून कुणाचं पोट भरणार? तरी तू दुकानाच्या नावाचं पान उघडलंस. पाट्यावर दाण्याची चटणी वाटणारे माझे हात टिपलेस. चार दिवस कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एके दुपारी उकडलेल्या भाज्या संपल्या, टोपल्या धुऊन झाल्या आणि पाय दुखत होते म्हणून मी हनुवटीला हात लावून टेकले होते, नेमकं तेवढंच घेतलंस. वर रडकं गाणं आणि खाली ओळ, 'आज आईकडे कुणीच आलं नाही.' मला हसूच आलं. अगं, सगळं खपलंय म्हणून रिकामं आहे, म्हटलं. तू म्हणालीस, "लोकांना कुठे कळतंय." आणि मीही तुला ते टाकू दिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तेव्हा सगळा दोष तुझ्या माथी मारायला मी हे लिहीत नाही.

पुढचं तू आकड्यांत पाहिलंस, मी इथे पाहिलं. गल्लीत मोटारी मावेनात. सोलोहून आलेली एक बाई माझ्या गळ्यात पडून हमसून रडली, मलाच तिची समजूत काढावी लागली. लोक अर्धं खाऊन बाकीच्याचे फोटो काढायचे. आपल्याकडे जेवून उठताना माणूस स्वतःच सांगतो, सोयाबीनच्या दोन वड्या, म्हणजे तेंपे, एक चहा, आणि आपण तेवढंच धरतो. ते ऐकून ही मंडळी म्हणायची, "मावशी, तुम्ही बघत नाही? फसवत असतील तुम्हाला." म्हणजे माझ्याकडे आधी कुणी येत नव्हतं, आणि येत होते ते चोर.

ज्यांच्या सायकलरिक्षातून तू शाळेत गेलीस, ते तुगिमानकाका त्या गर्दीत उभे होते. बाकाच्या टोकाची त्यांची जागा कुणीतरी पिशव्यांनी अडवली होती. तेवढ्यात एका पोराने माझ्यावर फोन रोखून विचारलं, "खरंच कुणी येत नव्हतं का, मावशी?" काका माझ्याकडेच बघत होते, निंग. मी मान हलवली. कोरड्या डोळ्यांना रुमालही लावला. जाताना ते एवढंच म्हणाले, "ताई, इतकी वर्षं मी काय भूत होऊन जेवत होतो?" दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मग बाजारातले हमाल यायचे थांबले, शाळेच्या बाईही. मोटारवाल्यांना पुढे दुसरी कुठली रडणारी आई सापडली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. तुझी ती ओळ आता खरी झाली आहे.

आता मूळ गोष्ट. ईदच्या आधी मशिदीत गरिबांसाठी तांदूळ गोळा होतात, आपणही दरवर्षी देतो. काकांच्या घरी त्यातली एक पिशवी जाते, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. काल संध्याकाळी ते ती पिशवी घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "यंदा माझ्या वाटणीची तुला द्यायला मी मशिदीत सांगितलंय. घे ताई, कुणी येत नाही म्हणालीस ना." टोमणा असता तर मी गिळला असता. पण घेताना मला संकोच होऊ नये म्हणून ते मान खाली घालून बोलत होते. आणि मी ती घेतली. त्या पोरासमोर मी खोटीच मान हलवली, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. ईदच्या नमाजाआधी ते तांदूळ काकांच्या घरी परत जायला हवेत, म्हणून यंदा सुट्टीची वाट न बघता लगेच निघून ये. फोन आण. माझ्याकडे रोज कोण कोण जेवत होतं ते मी काकांच्या दारात उभी राहून नावानिशी सांगेन. ते सगळं टिप आणि त्याच पानावर टाक, गाणं लावू नकोस. आज दोनदा ती पिशवी उचलून मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. एकटीने त्या दारात उभं राहायची मला लाज वाटते.

तुझीच,
आई