गिरणीच्या दुसऱ्या गेटामागे

३ जुलै. सकाळी सहा.
मुलाचा, उमापतीचा, बंगळूरहून फोन. महिनाअखेरीपर्यंत वरच्या खोलीत कुणी राहायला आलं तर ठीक, नाहीतर तो मला घेऊन जाणार. म्हणे, अप्पा, एकटे असताना पडलात तर उचलणार कोण? त्याला म्हटलं, दावणगेरेत आता गल्लोगल्ली कॉलेज आहे, आठ दिवसांत पोरं रांग लावतील. पाटी लावली. खाली फोन नंबर आणि चौदा अटी. मांसाहार नाही, मित्र नाहीत, नऊनंतर दिवा नाही वगैरे.

५ जुलै.
सात फोन. सगळ्यांना पत्ता नीट सांगितला: गिरणीच्या दुसऱ्या गेटामागे. एकही पोहोचला नाही. डॉक्टर व्हायला आलेत आणि गिरणी सापडत नाही. कापडगिरणी पाडून वीस वर्षं झाली हे खरं. पण गेट कुठे होतं ते कुणालाही विचारता येतं.

८ जुलै.
उमापतीला कळवलं, निवड चालू आहे.
दारासमोर मोमोची गाडी. दार्जिलिंगची यांगजी. दिवसभर वाफ आणि पोरांची झुंबड. बाहेरून आलेल्याला द्यायला या गावात काय कमी आहे? लोण्याचा डोसा आहे, मिरचीभजी आणि चुरमुऱ्यांची मंडक्की आहे. ते सोडून उकडलेलं पीठ खातात. बीपीची गोळी घेतली. उद्या तक्रार.

११ जुलै.
महापालिकेत तक्रार दिली. तीन पानं. दुसऱ्या पानावर गिरणीचा इतिहास.

१५ जुलै.
गुलबर्ग्याच्या पोराचा फोन. शाकाहारी. रविवारी वडिलांना घेऊन येतो म्हणाला, त्यांना पसंत पडली की लगेच राहायला. पत्ता सांगायच्या आत म्हणाला, माहीत आहे, मोमोच्या गाडीसमोर, मोमोवाल्या दीदीनेच नंबर दिला. मी दुरुस्ती केली: गिरणीच्या दुसऱ्या गेटामागे. तो हो म्हणाला.

१७ जुलै.
विजय. गाडी हलली. जाताना यांगजी म्हणाली, “अज्जा, आता तुमचं घर मी लोकांना कसं दाखवू?”
उगाच काहीतरी. घर काय हललंय?

२० जुलै. रविवार.
सकाळपासून विभूती लावून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर. कुणी नाही.
संध्याकाळी कळलं. बापलेक मोमोच्या गाडीपर्यंत आले होते. गाडी आता रेवणप्पाच्या दारात. त्याचीही खोली रिकामी होती. होती. त्याच्या पाटीवर एकही अट नाही. गिरणीत त्याचा माग माझ्या शेजारीच होता. तेव्हाही धागा माझाच तुटायचा.

२४ जुलै.
सहज फिरत यांगजीकडे गेलो. विनंती करायची नाही, असं ठरवूनच. म्हटलं, तुझी जुनी जागा रिकामी आहे, ये हवं तर. म्हणाली, तिथे उभं राहायला मनाई आहे, कागद आहे. दाखवला. सोबत माझा अर्ज, खाली माझी सही.
मग म्हणाली, “बसा. एक प्लेट खा. तक्रार लिहायच्या आधी खायला हवी होती, अज्जा.”
खाल्ली. आत कोबी असतो. दुसरी प्लेट तिचं मन मोडू नये म्हणून.

३१ जुलै.
उमापती आला. निवड अजून चालू आहे असं सांगितलं. त्याने माझी बॅग भरली.

३ ऑगस्ट. बंगळूर.
पंधरा दिवसांसाठीच आलोय. पाटी काढलेली नाही.
सकाळी फिरायला निघालो, तर सूनबाईने खिशात चिठ्ठी घातली. हरवलात तर दाखवा म्हणाली. मी कशाला हरवतोय?
कोपऱ्यावर उघडून वाचली. घरचा पत्ता. मोमोच्या दुकानासमोर.