नमुना घेण्याआधी बाटली हलवावी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज.
नाते गावी हैबतीच्या घरी जाऊन आलो. त्यांच्याकडे यंदा दिवाळी नाही, त्याला जाऊन वर्ष होईल. चोवीस तारखेला वर्षश्राद्ध धरलं आहे. भिंतीवर त्याचा नवा फोटो लावलाय. डोक्यावर अमेरिकन टोपी. टोपी सुनीलने पाठवलेली. सुनील म्हणजे हैबतीचा मामेभाऊ, मूळचा पोलादपूरचा, आता अमेरिकेत कॉम्प्युटरवर असतो. माझ्याकडे हैबतीचा छत्री घेतलेला चांगला फोटो होता. छत्री मी दिलेली. कोणी विचारलं नाही.

हैबतीच्या बायकोने, रंजितावहिनींनी, चहा दिला आणि म्हणाल्या, सुनीलभावजी खास वर्षाला येतायत. दर रविवारी दोघं व्हिडिओवर तास तास बोलत बसायचे, तुमाला तर ठाव हायच. मी म्हटलं, हो.

ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघं दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या खळ्यावर बसायचो. एक स्ट्राँग बिअर, दोन स्टीलचे पेले. पहिला घोट घेतला की तो विचारायचा, कशी हाय रे धोंड्या? मी म्हणायचो, गरम आहे. मग अंधार पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. याहून जास्त मैत्री असते असं मला वाटत नाही. रविवारचं तो कधी बोलला नाही. सांगण्यासारखं काही नसणार.

६ नोव्हेंबर, बुधवार
वहिनींचा फोन. सुनील एक बिअर घेऊन येतोय. अमेरिकेतली, पण बेल्जियमच्या पद्धतीची. फार्महाउस एल असं काहीतरी नाव. त्या बिअरबद्दलच दोघांचं रविवारी चालायचं म्हणे. वर्षाच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं वाढतात, म्हणून चंद्राबाईंनी, म्हणजे हैबतीच्या आईने, स्वतःच सांगितलं की पानाशेजारी तिचा पेला ठेवा.

म्हणजे पंचवीस वर्षं माझ्याबरोबर प्यायलेली बिअर पानावर नाही. जी त्याने फक्त मोबाइलच्या काचेमागे पाहिली ती पानावर.

मला हेवा वाटत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
इंटरनेटवर वाचलं. बेल्जियमचे शेतकरी थंडीत ही बिअर करून ठेवायचे आणि उन्हाळ्यात शेतावरच्या मजुरांना पाजायचे. हल्ली अमेरिकेतले हौशी लोक छोट्या कारखान्यात तीच करतात, जरा कडक करतात आणि बाटलीला शॅम्पेनसारखं बूच लावतात. म्हणजे शेवटी गड्यांना द्यायची पेज. तिला बूच लावून कोणी मोठं होत नाही.

संकल्प: चोवीस तारखेला घोट घेऊन सर्वांसमक्ष खरं मत सांगायचं. मी एमआयडीसीत एकवीस वर्षं क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आहे. वासावरून सॉल्व्हंट ओळखतो. पोलादपूरच्या पोराने मला चव शिकवू नये.

१० नोव्हेंबर, रविवार
चव घेण्याचा सराव सुरू. रंग, वास, पहिली चव, शेवटची चव, या क्रमाने. दुपारच्या आमटीवर केला. रंग समाधानकारक. वासात चिंच पुढे, गूळ मागे. शेवटी किंचित करपट. हे मी मोठ्याने बोललो. संजीवनी म्हणाली, अहो, मग शेवटपर्यंत जाऊच नका, आणि वाटी उचलून नेली.

सराव उद्यापासून कंपनीच्या कँटीनमध्ये.

१६ नोव्हेंबर, शनिवार
सुनील आला. चवदार तळ्याजवळ दिसला, रिक्षावाल्याशी गप्पा मारत होता. हाफ पँट. मी औषधाच्या दुकानात शिरलो. गरज नसताना जवाची पावडर घेतली.

१७ नोव्हेंबर, रविवार
सुनीलचा फोन. धोंडूदादा, बाटलीबद्दल तुमच्याशी जरा बोलायचं होतं, म्हणाला. मी म्हटलं, गडबडीत आहे, त्या दिवशीच बोलू. गडबडीत नव्हतो, नखं कापत होतो. पण आधीच व्याख्यान ऐकून घेतलं तर माझ्या मताला काय अर्थ उरला?

बोलणं मात्र नम्र होतं. अशा माणसांपासून जपावं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
नाते. सुनीलने बाटली आणून दिली होती. काळी, जाड काचेची, बुचावर तारेची जाळी. वहिनी म्हणाल्या, भावजी, घरात पोरं हायत, पाव्हणे येतील, तुमच्याकडंच ठेवा. बरं वाटलं. बाटली आणली त्याने, विश्वास माझ्यावर.

चंद्राबाई ओटीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, धोंडू रे, जपून ने. माझ्या हैबतीचा घास हाय तो.

स्कूटरच्या डिकीत ठेवून आणली. नाते गावापासून महाडला माझ्या घरापर्यंत खड्डे होते तिथे रस्ता नव्हता आणि रस्ता होता तिथे काम चालू होतं. फ्रिजमध्ये इडलीचं पीठ, म्हणून ओट्याखाली ठेवली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
बाटली उजेडासमोर धरून पाहिली. तळाला गाळ आहे. अमेरिकेतून आणलेल्या वस्तूत गाळ! आमच्या लॅबमध्ये हा माल रिजेक्ट झाला असता.

एक विचार आला. उद्या संजीवनी निवडणुकीचा निकाल बघायला शेजारी अनुपमाकडे जाणार. तेवढ्यात बूच हळूच काढून दोन चमचे नमुना घ्यायचा, मत तयार करायचं, बूच परत लावायचं. ही चोरी नाही. ही पूर्वतपासणी.

२३ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.
नमुना घेतला. सविस्तर लिहीत नाही.

थोडक्यात लिहितो. तळाला गाळ असेल तर नमुना घेण्याआधी बाटली चांगली हलवून एकसारखी करावी, हा लॅबचा पहिला नियम. मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. त्याप्रमाणे हलवली. तार सोडली. बूच काढावं लागलं नाही. ते आपण होऊन गेलं, ट्यूबलाइटला लागलं आणि डाळीच्या डब्यात सापडलं. बिअर छतापर्यंत गेली, मग भिंतीवर, मग माझ्यावर. मी अंगठा लावला, त्यामुळे जी सरळ जात होती ती आडवी जाऊ लागली.

बाटलीत फेस उरला. नियम चुकीचा नाही. बाटली नियमात बसत नाही.

ओट्यावर थोडी साचली होती. चमच्याने गोळा केली. एक चमचा. नाहीतरी वाया जाणार होती.

आधी लिंबाच्या सालीचा वास, मग मिरी. आणि मग झोडणीनंतरच्या पेंढ्याचा, थोडा दमट. जवळच गुरं बांधलेली असावीत तसा. हैबतीच्या खळ्याचा. शनिवारी सहा वाजताचा.

ओट्याशी उभा राहिलो. किती वेळ ते नक्की सांगता येणार नाही. गाळामुळे असं वाटत असावं.

तीच तारीख, दुपार
घाबरण्याचं कारण नाही. दुसरी बिअर आणून बाटलीत भरायची. काच काळी आहे, दिसणार नाही.

बाजारात गेलो. दुकान बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, साहेब, मतमोजणी हाय ना, आज ड्राय डे. मी म्हटलं, माहीत आहे, मी सुपारी घ्यायला आलोय. सुपारी घेतली. मी सुपारी खात नाही.

घरीच तयार करायची ठरवली. मी केमिस्ट आहे. बिअर म्हणजे जवाचं आंबवलेलं पाणी. जवाची पावडर घरात आहेच, त्या दिवशी दूरदृष्टीने घेतली होती.

पहिली बॅच: जवाचं पाणी, सोडा, कुटलेली मिरी, लिंबाची साल. पेशंटला देतात तसं लागतं. नापास.
दुसरी बॅच: वरीलप्रमाणे, अधिक पावाचं यीस्ट. बेकरीचा वास. नापास.
तिसरी बॅच: यीस्ट कमी, अधिक अर्धा कप द्राक्षासव. संजीवनीच्या अशक्तपणाचं होतं. अल्कोहोल आहे, रंग आहे, मागे कडवटपणा आहे. पास.

बाटलीत भरली. बूच फुगून छत्रीसारखं झालं होतं, ते ब्लेडने तासून बसवलं. तार पूर्ववत. दिसायला मूळ मालापेक्षा नीट.

संजीवनी आली. लादी ओली का, विचारलं. पुसली म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच लादी पुसल्याचं तिने अनुपमाला फोनवर सांगितलं. ट्यूबलाइट तिरकी का, हे तिने विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार. रात्री जेवण झाल्यावर.
जमेल तसं लिहितो.

वर्षश्राद्ध नीट झालं. पान मागल्या दारी ठेवलं. वडे, खीर, सुकट, त्याची तंबाखू. शेजारी पेला. बूच मी स्वतः काढलं, आवाज झाला नाही. सुनीलने भुवई वर केली. मी म्हटलं, उतरली असेल हवा प्रवासात.

कावळा आला. वडा घेतला. सुकट घेतली. पेल्यात एकदा चोच घातली, डोकं झटकलं आणि खिरीकडे गेला. चंद्राबाई म्हणाल्या, बाय गो, आवडली नाय की काय? रंजितावहिनी म्हणाल्या, आत्या, कावळ्याला बिअर कुठं कळतीय. मी पांडू भटजींकडे बघत राहिलो. सकाळपासून उपाशी होते ते, त्यांचंही लक्ष खिरीकडेच होतं.

संध्याकाळी सुनील म्हणाला, दादा, चला खळ्यावर. बाटली घेतली. दोन स्टीलचे पेले त्यानेच वहिनींकडून मागून घेतले. तेच पेले. ते मला आवडलं नाही. माझ्या जागेवर तो बसू नये म्हणून मी आधी जाऊन बसलो. तो समोर बसला. हैबतीच्या जागी कोणीच बसलं नाही.

त्याने ओतली. म्हणाला, दादा, तुम्हाला एक सांगायचं होतं, तुम्ही वेळच दिला नाहीत. ही पानासाठी नव्हती. पानाचं आत्याने ठरवलं. ही तुमची आहे.

मी म्हटलं, माझी कशी?

म्हणाला, मी दर रविवारी एखादी बिअर उघडून कॅमेऱ्यापुढे धरायचो. कसली चव आहे, कसला वास आहे, हे हैबतीदादाला सांगायचो. तो म्हणायचा, मला काय कळतंय त्यातलं. धोंड्याला पाठव. त्याची जीभ लॅबची हाय. पंचवीस वर्सं मी त्याला इचारतोय, कशी हाय, तर म्हनतो गरम हाय. चांगली असंल तेवा बोलंल. एकदा तरी त्याच्या तोंडून ऐकायचं हाय मला. म्हणून मी ही घेतली होती. तो कारखाना वर्षातून एकदाच करतो. पाठवणार तोवर हैबतीदादा गेला. मग हिला वर्षभर तळघरात जपून ठेवली.

मी पेल्यात पाहिलं.

सांगा, कशी आहे? सुनील म्हणाला.

घोट घेतला. द्राक्षासव आणि सोडा. माझं भाषण तयार होतं, बूच, गडी, पेज वगैरे. ते आठवलं नाही. मी म्हटलं, आधी लिंबाची साल. मग मिरी. मग पेंढा, दमट. शेजारी गुरं. इथलाच वास आहे. शनिवारचा.

इतकं मी या खळ्यावर कधी बोललो नव्हतो.

सुनीलने डोळे पुसले. मग स्वतःचा घोट घेतला. तोंडात ठेवला. गिळला. पेला नाकाशी नेऊन वास घेतला.

मग म्हणाला, दादा, हे द्राक्षासव आहे. लहानपणी आई रोज सकाळी पाजायची, पोलादपुरात.

मी पेला खाली ठेवला.

पण तुम्ही सांगितलीत ती चव अगदी त्या बिअरचीच आहे, म्हणाला. ती कुठून घेतलीत?

ओट्यावरून, मी म्हटलं.

तो हसायला लागला. मोठ्याने, थांबेना. हैबतीसारखंच खांदे हलवून हसतो. हे मला आधी दिसलं नव्हतं. मग त्याने पेला उचलला आणि उरलेलं सगळं प्यायला. मीही प्यायलो. अशक्तपणाला चांगलं असतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
सुनील मुंबईला गेला. पुढच्या वर्षी दुसरी बाटली आणीन म्हणाला. मी म्हटलं, दर रविवारी मी मोकळा असतो. सहज सांगितलं.

तरी मला हेवा वाटत नव्हता हे नमूद करतो.

३० नोव्हेंबर, शनिवार. सहा वाजता.
गॅसमागच्या भिंतीवर एक डाग राहिला आहे, मिक्सरच्या जरा वर. वाकून नाक लावलं. मागून संजीवनी म्हणाली, अहो, भिंतीच्या कानात काय सांगताय? नमुना तपासतोय म्हटलं. ती म्हणाली, तो डाग निघेना म्हणून सकाळीच दोनदा फिनेलने घासलाय मी.

पुन्हा नाक लावलं. आधी फिनेल. शेवटपर्यंत फिनेल.