उशिरा उगवलेला जंतू

प्रिय ओम्या,

आज घरात पेढे वाटले. चिऊची जखम भरली म्हणून! सगळे खात होते, मी मात्र माझा पेढा तसाच ठेवून दिला. हे कुणाला सांगू? म्हणून तुलाच लिहायला बसले.

तुझ्या काकूची चिऊ. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, तरी जखमेतून पाणी येतच राहिलं. शेवगावहून नगरला नेली, तर रिपोर्टात काही सापडेना. मला सगळं ओळखीचं होतं रे! हृदयाच्या ऑपरेशननंतर तुझ्या छातीवरची जखमही अशीच पाझरायची, आणि रिपोर्ट असेच कोरे यायचे.

जखमेतलं पाणी लॅबवाले काचेच्या डिशमध्ये ठेवतात, जंतू उगवतो का ते बघायला. नेहमीचे जंतू दोन दिवसांत उगवतात, म्हणून त्यानंतर डिश टाकून देतात. तुझी एक डिश टाकायची राहून गेली आणि तिच्यात तो क्वचित सापडणारा जंतू उगवला. त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही तुझा दहावा उरकून घरी येत होतो. थोडा दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?

तो फोन मीच घेतला होता. बाकीच्यांना एवढंच कळलं, की जंतू सापडला; तो उशिरा उगवतो, हे फक्त मला ठाऊक होतं. आता नगरच्या दवाखान्यात काकू चिऊची वेणी घालत होती. मला ते बघवेना. माझ्यासाठी कुणी बोललं होतं का? मग मी का बोलू? तोंडात गुळणी धरून बसले.

तेवढ्यात डॉक्टर आले. म्हणाले, "रिपोर्ट चांगलाय, घरी न्या." आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साहेब, ती डिश टाकू नका. माझ्या पोराचा जंतू लई उशिरा उगवला हुता."

त्यांनी मला बसवून सगळं विचारलं, लॅबला स्वतः फोन केला. काही दिवसांनी चिऊच्या डिशमध्येही तोच जंतू उगवला. औषध बदललं.

काकू माझ्या पाया पडली. "ताई, तुमच्यामुळं माझी पोरगी हाय!"

मी तिला उठवलं, पण आतून नुसती जळत होते. तिला मी होते. मला अशी ताई का नव्हती रे?

अजून कितीतरी महिने गोळ्या चालायच्यात. दुसऱ्या कुणी दिली तर चिऊ थुंकून टाकते, फक्त माझ्याच हातून घेते. शब्द देते, एकही गोळी चुकू देणार नाही. हेवा जाईल, असं मात्र म्हणत नाही. उद्या ती तुझ्याहून उंच होईल, तुझ्या पुढच्या वर्गात जाईल. मी जळेन. आणि गोळी देईन.

तुझी,
आई