दोघांनी चढायचा ढोल

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.
ही काल मोठ्या बहिणीकडे गेली. चार दिवस चेंज म्हणून. बॅग मोठी नेली आहे, पण बायकांना चार दिवसांसाठीही मोठीच बॅग लागते.
संकल्प: ती येईपर्यंत रोज डायरी, रोज व्यायाम, आणि संगीतशाळेची ऑर्डर एकहाती पुरी. बावीस तारखेला त्यांचा जगभरच्या ढोलांचा कन्सर्ट आहे. तीन वाद्यं आपल्या वर्कशॉपमध्ये कातडं बदलायला आली आहेत. आफ्रिकेतला मांड्यांत धरून हातांनी वाजवायचा जेम्बे, तिकडचाच काखेत धरायचा बोलका ढोल, आणि जपानचा ताइको. हा दारातून आत घ्यायला चौघं लागले. तीस वर्षं हेच करतोय. टेन्शन नाही.

मंगळवार, ५ मार्च
व्यायाम उद्यापासून.
ही का गेली, म्हणून शेजारचा शिंपी खोदून खोदून विचारत होता. काही झालेलं नाही. शनिवारी संगीतशाळेच्या बाई ढोल घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं की हे सगळं तुम्ही दोघं मिळून करता का. मी म्हणालो, छे, करतो मीच, ही हातोडी देते. ही तिथेच उभी होती. हातात हातोडी होतीच. यात खोटं काय?

गुरुवार, ७ मार्च. दुपार.
जेम्बेवर काल ओलं कातडं बसवलं. ते तीन दिवस वाळू द्यायचं आणि मग दोर ओढायचे, असा नियम आहे. ही रोज अंगठ्याने दाबून बघायची आणि अजून नाही म्हणायची. मला हे फाजील लाड वाटतात. आजच ओढले.
फाटलं. बकरीच मुळात अशक्त असणार.

शनिवार, ९ मार्च
चार दिवस कधीच झाले. फोन केला. मेव्हणीने उचलला. ही फिरायला गेली आहे म्हणाली. ही कधीपासून फिरायला जायला लागली? मी म्हटलं, काही घाई नाही, आरामात ये म्हणावं. उगाच आपण अडून बसलोय असं वाटायला नको.
शर्टाची बटणं लावायची सुई सापडत नाही. चहाची गाळणीही नाही. घरात चोर शिरला असावा अशी शंका येते.

मंगळवार, १२ मार्च
जेम्बे तयार. दुसरं कातडं, पूर्ण वाळवून. बाई बघायला आल्या. दोन थापा मारल्या आणि विचारलं, याचा आवाज असाच असतो का. मी सांगितलं, आफ्रिकेत असाच असतो. त्या म्हणाल्या, त्या तिथे दोन वर्षं शिकायला होत्या. मी म्हटलं, मग तुम्हाला माहीतच असेल.
जाताना त्यांनी हिचा नंबर मागितला. सहज असेल. दिला.

बुधवार, १३ मार्च
बोलका ढोल झाला. कामाचं वाद्य. काखेत दाबला की दोऱ्या ताणल्या जातात आणि आवाज माणसासारखा चढतो-उतरतो. तिकडे यावर एका गावाहून दुसऱ्या गावाला निरोप जात असत म्हणे. तोंडाने बोलायला आपल्याला जड जातं, म्हणून एक प्रॅक्टिकल आयडिया केली. मेव्हणीला फोन लावला, हिला द्या म्हटलं, आणि फोनसमोर पाच मिनिटं ढोल वाजवला. त्यात सगळं होतं. ये, चुकलं, गाळणी कुठे आहे, सगळं.
मेव्हणी म्हणाली, लाइनमध्ये खरखर आहे, नंतर करा. म्हणजे फोन हिच्याकडे गेलाच नव्हता.

शुक्रवार, १५ मार्च
आज ताइको. बैलाचं जाड कातडं. ओलं असताना तोंडावर पसरायचं, कडा दोरांनी खाली आवळायच्या, आणि मग अनवाणी पायांनी वर चढून तुडवायचं. पुन्हा दोर आवळायचे, पुन्हा चढायचं. नीट ताण बसला की कडेने खिळे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, नाहीतर घसरायला होतं. एकट्याला जमत नाही असं पुस्तकात म्हणतात. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी ढोल तुडवलाय?
एकटा चढलो. जिथे उभं राहावं तिथे कातडं बसतं आणि समोरची बाजू फुगून वर येते. समोर गेलो की मागची वर. तासभर त्या फुगवट्याचा पाठलाग केला. पाठलाग करता करता एकदम रडू आलं. घामच असेल असं आधी वाटलं.
लग्नाला तीस वर्षं झाली. आम्ही हातात हात घालून कधी रस्त्याने चाललो नाही. पण अशा ढोलांवर चढून एकमेकांना धरलंय, वर्षातून चार-पाच वेळा तरी. ते मी कामात धरत होतो.

शनिवार, १६ मार्च
शिंप्याला बोलावलं. आला, पण मोजे काढायला तयार नाही. वर चढल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवायला लाजला आणि कॉलर धरली. मी डावा टाकला की हा उजवा टाकतो. कुठे ढिलं लागतंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, मला काय ठाऊक, मी पँट शिवतो. दोघंही पडलो. तो माझ्यावर.
खरं म्हणजे ढिलं कुठे आहे हे मलाही कळत नाही. ते ही सांगायची. तळपायाने ओळखायची. खिडकीकडे जरा ओढा, दाराकडे सोडा. मी ओढायचो, सोडायचो. ही बडबड करते असं मला वाटायचं.

सोमवार, १८ मार्च. अंथरुणातून.
पाठ धरली आहे. बाई आल्या आणि चौघांकडून ताइको उचलून घेऊन गेल्या. कुठे म्हणून विचारलं. मेव्हणीच्या अंगणात. हिने फोनवर सांगितलंय, कातडं ओलं ठेवून घेऊन या. मेव्हणी समोर उभी राहील. जेम्बेही नेला.
म्हणजे हिचा राग गेला. शुक्रवारी कन्सर्टला भेटेलच, तिथून दोघं बरोबरच घरी येऊ. शर्ट इस्त्रीला टाकला. घर झाडलं. शिंप्याला बजावलं, ही आल्यावर दात काढायचे नाहीत.

शुक्रवार, २२ मार्च. रात्र.
कन्सर्ट झाला. ताइको असा वाजला की खुर्चीचा दांडा हातात थरथरला. मी कितीही ठोकला असता तरी असा वाजला नसता. शेजारच्या माणसाला म्हणालो, हा आमच्या मिसेसनी चढवलाय. त्याने मान हलवली. हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो आणि बोललो ते परक्याजवळ.
मागे गेलो. ही जेम्बेचे दोर बघत होती. संगीतशाळेची सगळी वाद्यं आता हीच बघणार आहे, तसं ठरलंय. शाळेमागे खोली देतायत. मला विचारलं, पाठ कशी आहे. म्हटलं, बरी. चल घरी म्हटलं. नको म्हणाली.
मग म्हणाली, तीस वर्षं तुमच्यासमोर उभी राहिले, एकदा तरी वर बघितलंत? खाली कातड्याकडे बघत होतात.
मी म्हणालो, वर बघितलं असतं तर घसरलो असतो.
हे म्हणायला नको होतं. बरोबर होतं, पण म्हणायला नको होतं. ती थोडी हसली, पिशवी उचलली आणि मेव्हणीबरोबर गेली. मी हॉलचे दिवे बंद होईपर्यंत तिथेच होतो.
ही येणार नाही. लिहून ठेवतो, नाहीतर सकाळी उठून मी परत काहीतरी कारण काढीन.