व्यासपीठावरचा सिंह

५ ऑक्टोबर, रविवार
आज बोललो. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेल्यांना कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा पवित्र भाकरीचा प्रसाद, द्यायचा नाही, हा चर्चचा नियम निर्दय आहे, असं रविवारच्या भर मिस्सात, सगळ्या भाविकांपुढे, प्रवचनात सांगितलं. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. सिंहासारखं वाटलं.

चष्मेवाली रडली. तिचं चष्म्याचं दुकान, शिवाय आमच्या गायकवृंदात गाते. पहिला नवरा मारायचा, मग पळूनच गेला. आताचा बस ड्रायव्हर, देवमाणूस. इतकी वर्षं सगळे कम्युनियन घ्यायला रांगेने वेदीकडे जातात तेव्हा ही बाकावर मान खाली घालून बसते. दारात तिला म्हटलं, पुढच्या रविवारी रांगेत या, मी आहे. म्हातारे फादर (माझे सहायक, नियम म्हणजे नियम) शेजारीच होते. म्हणाले, आज आवाज चांगला लागला होता तुमचा. मत्सर.

संकल्प: आता आकाश कोसळलं तरी एक पाऊल मागे नाही.

७ ऑक्टोबर
पेपरवाला आला. बिशप काय करतील, असं विचारलं. म्हटलं, सत्याला कोण काय करणार? वाक्य झकास जमलं. दोनदा म्हणून दाखवलं, लिहून घेतलंय ना बघितलं.

ताईचा फोन. म्हणाली, तू लहानपणी मधमाश्यांच्या पोळ्याला दगड मारायचास आणि चावायच्या मला. सख्ख्या बहिणीलाही माझी तळमळ कळू नये!

१२ ऑक्टोबर, रविवार
ती आली रांगेत. ओंजळ पुढे केली. मी दिलं. ड्रायव्हर मागे बाकावरच बसून बघत होता, रुमाल तोंडाशी धरून. माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा क्षण. फोटो कोणी काढला नाही, ही एक खंत.

१४ ऑक्टोबर
बिशपांच्या घरून फोन. गुरुवारी या. जाणारच! भाषण तयार: सदसद्विवेक, करुणा, इतिहास. आरशासमोर म्हणून पाहिलं. करुणेला हात जास्त हलतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
बिशप ओरडले असते तर मी सिंहच होतो. पण त्यांनी स्वतः चहा ओतला. तिथेच घात झाला.

म्हणाले, तुमचं मत वेगळं असेल तर माझ्याशी भांडा, मी ऐकेन. पण तुमच्या शब्दावर माणसं पाऊल टाकतात. उद्या त्यांना कोणी बोल लावला तर जबाब कोण देणार? सदसद्विवेक काढायला मी तोंड उघडलं, तर 'संदर्भ' असा शब्द बाहेर पडला. पेपरने संदर्भ सोडून छापलं, असं काहीतरी बोललो.

मग विचारलं, त्या बाईंना तुम्ही बोलावलं होतं का? मी मूग गिळले. चहाबरोबर. तेच म्हणाले, मग आपणहून आली असेल. मी कपाकडे बघत राहिलो. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. शास्त्राने सिद्ध करता येईल. सवडीने करेन.

रविवारी खुलासा वाचायचा असं ठरलं. ही माघार नाही, डावपेच आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार
खुलासा वाचला. विपर्यास, कोणी रांगेत आलं ते गैरसमजातून, मातेसमान चर्च वगैरे. त्यानंतरच्या गीतात गायकवृंदात एक आवाज कमी होता. मी गीताच्या पुस्तकातून मान वर केली नाही. अक्षर बारीक होतं.

मिस्सानंतर गायकवृंदाच्या प्रमुखबाईंनी तिला सांगितलं म्हणे, फसवून कम्युनियन घेणारीने गाऊ नये. मी तिथेच होतो. मेणबत्त्या विझवत होतो. आधीच विझलेल्या.

२१ ऑक्टोबर
सगळं समजावून सांगायला तिच्या दुकानात गेलो. आत गिऱ्हाईक होतं, म्हणून नंबर तपासायला आलो असं म्हणालो. तिने तपासला. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच विचारलं, फादर, तुम्ही मला बोलावलं होतं ना? आई म्हणते, तुझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. मी म्हटलं, परिस्थिती गुंतागुंतीची आहे. ती म्हणाली, बरं. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर रात्री जेवण गेलं असतं.

२४ ऑक्टोबर
दगा! म्हातारे फादर काठी टेकत, बस बदलत बिशपांकडे जाऊन आले. मी विचारलं तर लपवलंही नाही. म्हणाले, मी बिशपांना सांगितलं, आमच्या फादरांनीच दारात तिला बोलावलं, मी ऐकलं. नियम बरोबरच आहे आणि ते चूकच बोलले. पण बाईला खोटी पाडू नका.

घरभेदी! असं म्हणणार होतो. पण त्यांनी आल्या आल्या माझ्याही ताटावर झाकण ठेवलं होतं, मी जेवत नाही म्हणून. अशा माणसाशी भांडायचं कसं?

बिशपांचा फोन आला. तुमचं मत मी समजून घेतलं असतं, म्हणाले. तिच्यावर ढकललंत, ते नाही. नाताळपर्यंत प्रवचन बंद. आणि खरं काय ते लोकांना सांगा.

२६ ऑक्टोबर, रविवार
सांगितलं. तिची चूक नाही, मीच बोलावलं होतं, मग विचारल्यावर गप्प बसलो. आवाज लागला नाही. नंतर चारजणांनी हात हातात घेतला, फादर, काय ही नम्रता! पाच मिनिटं बरंही वाटलं.

चष्मेवाली आली नव्हती. ड्रायव्हरही नाही. त्यांच्या बाकावर कोणाचीतरी छत्री होती.

जेवताना म्हाताऱ्या फादरांनी विचारलं, तिला जाऊन सांगितलंत का? म्हटलं, सगळ्यांना सांगितलं की. ते म्हणाले, सगळ्यांना कुठे बोलावलं होतंत रांगेत?

खरंय. उद्या सकाळी पहिलं काम हेच. सरळ दुकानात जाणार, माफी मागणार, चष्म्याचा विषय काढणार नाही.

उद्या सोमवार. सोमवारी तिचं दुकान बंद असतं. हे आत्ता लक्षात आलं.

आत्ता नाही. 'उद्या' लिहिलं त्याच्या आधीच आलं होतं.