बद्द वाजणारा दगड

आळेफाटा,
रविवार, ९ नोव्हेंबर २००८

प्रिय वैष्णवी,

काल दुपारी तुझा फोन आला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. पिंपरी पेंढारच्या वरच्या अंगाचा तो बंद पडलेला बोगदा पुन्हा सुरू होणार, आणि बुधवारी काम सुरू करण्याच्या कागदावर मॅनेजर म्हणून तू सही करणार. “आई, मंडळाची वही चाळली. त्या दगडाबद्दल एक अक्षर नाही. जागा पक्की आहे,” म्हणालीस. केवढ्या विश्वासानं म्हणालीस ग!

दादाभाऊंच्या गॅरेजवरची मंडळाची खोली तुला आठवत असेल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता तिथे बारा इंजिनिअर जमायचे. हातातला पाना खाली ठेवून ज्यांना आता माणसं सांभाळायची होती, असे. तुझे बाबा म्हणायचे, “यंत्र बिघडलं की आवाज करतं, माणूस बिघडला की गप्प होतो. ते ऐकायला कुठल्या कॉलेजात शिकवतात?” म्हणून त्यांनी मंडळ काढलं आणि प्रथा पाडली. प्रत्येकानं उभं राहून महिन्याभरातली स्वतःची एक चूक सांगायची, कुणी हसायचं नाही, आणि ती वहीत उतरायची. नव्या मॅनेजरनं काम हाती घेण्याआधी वही वाचायची. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडीखाली घोटून घेतलेलं माझं अक्षर, म्हणून लिहिण्याचा मान माझा.

सोमाजीमामा आठवतात ना? मूळचे मेंढपाळ, तुला कोकरू मांडीवर घेऊ द्यायचे. त्याच बोगद्यात ते मुकादम होते, आणि बाबा मॅनेजर. सुरुंग उडाले की आधी ते एकटे आत जात, पहारेनं छत ठोकत आणि कान देत. पक्का दगड ठण्ण वाजतो, सुटलेला बद्द. १९९३ च्या मार्चमध्ये एका सकाळी ते बाहेर येऊन म्हणाले, “सायेब, छत बद्द बोलतंय. आज नाय.” काम आधीच मागे पडलं होतं. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, “सोमाजीराव, दगड आहे तो, मेंढरू नाही!” टोळी हसली. मामाही हसले. “बरं राव, फिरून इचारतो त्याला,” म्हणत बाकीच्यांना बाहेर थांबवून आत गेले. आणि छत त्यांच्यावर आलं.

चौकशीत ठरलं की न उडालेला सुरुंग मागाहून फुटला. तुलाही आम्ही तेच सांगितलं. पण पुढच्या बैठकीत बाबा उभे राहिले आणि खरं ते सगळं बोलले. मी पेन धरून बसले होते. तू तेरा वर्षांची होतीस. बाबांच्या नावापुढे मी लिहिलं, ‘धम्मपाल : या महिन्यात चूक नाही.’ महिन्यानं मी ते वाचून दाखवलं, तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाकीचे अकराही गप्प राहिले.

त्याच दिवशी वरून आवाज आला. ठण्ण, ठण्ण, मग बद्द. दादाभाऊ खालून ओरडले, “वैनी, छतावर पहार कोन मारतंय?” त्या छतावर जायला जिनाच नव्हता. पुढे दर बैठकीत बाबांची पाळी आली की तेच. ठोके खोलीभर फिरायचे आणि बाबांच्या खुर्चीच्या वर येऊन थांबायचे. एकेक जण यायचा बंद झाला. मंडळ काही कुणी मोडलं नाही. बाबा गेल्यावर आवाज आपल्या घरी आला. मी दळण निवडत बसले की डोक्यावर बद्द. भीती वाटेनाशी झाली होती. म्हातारपणी सोबतही लागते.

शुक्रवारपासून मात्र घर अगदी शांत आहे. मला वाटलं, सुटले एकदाची. पण काल तू बोगद्याच्या तोंडाशी उभी राहून बोलत होतीस ना, तेव्हा तुझ्या आवाजामागे मी ते ऐकलं. ठण्ण, ठण्ण, मग बद्द. मी विचारलं, तिथे कोण आहे, तर तू हसून म्हणालीस, “कुणी नाही ग, मी एकटीच.” फोनवर माझी जीभ रेटेना, म्हणून पंधरा वर्षं न लिहिलेलं ते पान आज लिहून या पत्रासोबत दादाभाऊंच्या हाती पाठवते आहे. बाबांची चूक वर आहे, खाली माझी. टोळीला उभ्यानं वाचून दाखव. सही करू नकोस. आणि आत कुणी ठोकत असेल तर हसू नकोस, बाळा, बाहेर ये.

तुझीच,
आई