लिंबोणीखालचं पाणी

आई, वैशाख लागला की मला तुझा राग यायला लागतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी आता तुझ्या दुपटीहून मोठी झाले आहे, तेव्हा मोठीने धाकटीला चार शब्द सुनवावेत तसं समज. तू ओरडली का नाहीस? भांडली का नाहीस? एरवी विहिरीवर, शेतात, बाबांशीसुद्धा बारीकसारीक गोष्टीवरून वाजायचं तुझं. आणि जिथे भांडायला हवं होतं तिथे गप्प पडून मागच्या दाराच्या फटीतून पाखरं बघत बसलीस.

तो बहात्तरच्या दुष्काळाचा पुढचा उन्हाळा. माझी धाकटी बहीण नुकतीच झाली होती. तिसरं बाळंतपण, म्हणून देवळालीला माहेरी न जाता तू इथेच, पारनेरकडच्या या कोरड्या गावात राहिलीस. मधला भाऊ तान्हेपणीच गेला होता, त्यामुळे घरात तू, मी, ती आणि तुझं बाळंतपण करायला आलेली आत्या. बाबा तलावाच्या दुष्काळी कामावर दगड फोडायला जायचे. विहीर आटलेली. टँकर यायचा तेव्हा घागरींवरून मारामाऱ्या व्हायच्या. पण बाळंतिणीची आंघोळ चुकवायची नाही, हा गावाचा नेम. ज्यांच्या घरी प्यायला पाणी नव्हतं त्या बायाही तुझ्यासाठी हंडा, कळशी, काही ना काही आणून न्हाणीत ओतायच्या. आत्या ते तापवायची, तुला चोळून न्हाऊ घालायची. हळदीचं, निंबाच्या पाल्याचं ते पाणी मोरीतून परसात जायचं आणि लिंबोणीच्या आळ्यात साचायचं. साऱ्या गावात तेवढीच जमीन ओली होती.

म्हणून तर पाखरं आली. आधी चिमण्या आल्या, मग बुलबुल, मग पिवळाधम्मक हळद्या. आणि एका दुपारी ते. पालापाचोळ्यात टुणटुण उड्या मारत आलं, थबकलं, आखूड शेपटी हलवली. पाठ हिरवी, पंखावर निळं, डोळ्यांत लांबवर काजळ घातलेलं. मी बाजेच्या कडेला बसून धाकटीच्या अंगावरच्या माश्या वारत होते. तू माझा दंड धरलास. हात नुसता चटका बसेल इतका कढत होता तुझा.

"हालू नगं. लई भित्रं हाय त्ये."

"आई, शेपटीखाली कुंकू लावलंय बघ त्येनं."

"व्हय. पितंय बघ कसं."

नवरंग हे त्याचं नाव मला फार उशिरा कळलं. आपण त्याला रंगीत पाखरूच म्हणायचो. रोज दुपारी, बाहेर माणूस दिसत नाही अशा उन्हात, ते यायचं. आपण दोघी श्वास रोखून बसायचो. मला वाटतं, माझ्या आयुष्यात तू माझ्याजवळ इतकी सलग कधी बसली नव्हतीस. मी रंग मोजत होते. तू मात्र दर थोड्या वेळाने एकच विचारायचीस, "पानी हाय का गं अजून तितं?" मी मान उंच करून बघायची आणि सांगायची, हाय. मग तू डोळे मिटायचीस.

एकदा शेजारची शेळी दावं तोडून आली आणि सगळं आळं पिऊन गेली. तू हमसून हमसून रडलीस. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "येडी का काय तू? शेरडानं मोरीचं पानी पेलं म्हून कोन रडतंय व्हय?" मला मात्र वाटलं, पाखरू तहानेलं परत जाईल म्हणून तू रडतेस. तुझा जीव केवढा मोठा आहे असं वाटून मलाही रडू आलं.

आई, तुला प्यायला पाणी देत नव्हते. ओल्या बाळंतिणीला पाणी दिलं तर अंग फुगतं, दुधातून पोराला बाधतं, असं सगळ्याच म्हणायच्या. बाळंतशेपा घालून उकळलेलं घोटभर कोमट पाणी, तेही आत्याच्या मनात येईल तेव्हा. बाजेखाली शेगडी, बाहेर वैशाख, अंगात ताप. पहिल्या दिवसांत तू मागायचीस, हे मला आठवतं. "वन्स, घोटभर द्या की वो." आत्या तुझ्या केसांवरून हात फिरवायची. "आमी बी असंच काढलं बाई. थोडी कळ काढ." वाईट नव्हती ती, तुझ्यासाठी रात्ररात्र जागली. पाणी नव्हतं म्हणून तू तहानेली राहिलीस असं असतं तर दुष्काळाला शिव्या घालून मोकळी झाले असते मी. पाणी होतं. रोज तुझ्या अंगावरून वाहून जात होतं. नंतर तू मागणं सोडलंस, आणि पाखरं बघायला लागलीस.

ताप उतरला नाही. पारनेरहून डॉक्टर यायच्या आत तुझी नजर फिरली, तेव्हा बाया धावल्या, "तोंडात पानी घाला, पानी घाला." आत्याने तांब्या आणला. माठातलं गार पाणी होतं ते. तुझ्या ओठांवरून ओघळून सगळं उशीत गेलं.

माझ्या पहिल्या बाळंतपणात नगरच्या दवाखान्यात नर्स उशाशी भरलेला तांब्या ठेवून गेली. भरपूर प्या म्हणाली. मी तो तोंडाला लावला, आणि पिता पिताच मला कळलं की तू पाखरू बघत नव्हतीस. तू पाणी बघत होतीस. मी इतकी रडले की सगळ्यांना वाटलं, लेकीला आईची आठवण आली. कुणाला काय सांगणार? त्यानंतर मला कुठलाच पक्षी बघवत नाही. चोच बुडवून त्याने मान वर केली की माझा घसा कोरडा पडतो. माझी काही चूक होती असं मी म्हणत नाही, पोर होते मी. पण इतकी वर्षं झाली, या दुःखाला कुठून धरावं तेच समजत नाही. कुणी दुष्टपणा केला असता तर बरं झालं असतं.

आणि धाकटी. तिच्यापाशी तुझं काहीच नाही, फोटोसुद्धा नाही. लहानपणी ती सारखी विचारायची, ताई, आई कशी होती गं? मी सांगायची, तिला पाखरांचा फार नाद होता, तुला मांडीवर घेऊन तासन् तास रंगीत पाखरू बघायची. तिने ते धरून ठेवलं. दुर्बीण घेतली, पुस्तकं आणली, सुट्टी मिळाली की रानात. लोकांना अभिमानाने सांगते, हे वेड मला आईकडून आलंय. हे लिहिलेलं खरं तर तिच्या हाती द्यायला हवं, तुझ्यापर्यंत पोचणारं तेवढंच एक दार आहे. पण मी ते देणार नाही. परवाच तिने पुन्हा विचारलं, आईला सगळ्यात जास्त काय आवडायचं गं त्या पाखराचं? मी म्हटलं, रंग.